टोका, रूळ आणि पन्नास छायाचित्रे

दिवाळी तोंडावर आली की घरोघर डब्यांची उलथापालथ सुरू होते. अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे असतात, चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ-डाळी धुऊन वाळवायच्या असतात, आणि त्या निमित्ताने महिनोन्‌महिने अंधारात बसलेले धान्य सुपात येते. धान्याबरोबर त्याचे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरूही बाहेर पडतात. त्यांतला सर्वांत परिचयाचा म्हणजे टोका. कुणी त्याला सोंडकिडा म्हणते, कुणी ‘तांदळाला किडे झाले’ एवढेच म्हणून मोकळे होते. तिळाएवढा जीव! सुपाच्या काठावरून तुरुतुरु चालतो, बोट लावले की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो, आणि आपण पाठ फिरवली की पुन्हा चालू लागतो. याच्याशी आपल्या आज्या-पणज्यांपासूनचे वैर आहे. पण ज्याच्याशी इतक्या पिढ्यांचे वैर, त्याचा चेहरा आपल्यापैकी कितीजणांनी नीट पाहिला आहे?

आमचे बिऱ्हाड पुण्याच्या मार्केट यार्डाला लागून आहे. गुलटेकडीचा हा बाजार म्हणजे पुणे शहराचे कोठारघरच. एकीकडे भुसार मालाची दुकाने, एकीकडे कांदा-बटाटा आणि भाजीपाल्याचे गाळे, एकीकडे फुलांचा बाजार. शहर झोपलेले असते तेव्हा इथे मालमोटारी येत असतात, आणि शहर चहाला उठते तेव्हा इथला बराचसा सौदा आटोपलेला असतो. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझा आणि या बाजाराचा संबंध पिशवीपुरता. तरी वर्षानुवर्षे एकाच दुकानातून तांदूळ घेत आल्यामुळे तिथल्या शेठजींची ओळख झाली. मला छायाचित्रणाचा नाद आहे हे त्यांना कुठूनसे कळले होते. एकदा ते म्हणाले, “सर, आमच्या या टोक्याचा एक झकास फोटो काढून द्या. चांगला हातभर मोठा. गाळ्यात लावतो. गिऱ्हाईक म्हणते, तुमच्या तांदळात किडे निघाले. त्याला दाखवीन तरी, की बाबा रे, हा प्राणी आहे कसा आणि दाण्याच्या आत राहतो कसा!”

मागणी साधी होती. पण तीन मिलिमीटरच्या किड्याचे हातभर चित्र काढायचे म्हणजे काय, हे त्या कामात उतरल्यावरच समजते. त्या कामातून आमच्या घरी एक छोटे यंत्र तयार झाले. त्या यंत्राची, आणि त्याने उभ्या केलेल्या एका प्रश्नाची, ही हकिगत.

सोंड दिसते, पाठ दिसत नाही

एक डोळा मिटा आणि आपले बोट दुसऱ्या डोळ्यापुढे वीतभर अंतरावर धरा. बोटावरच्या रेषा निरखून पाहा. त्या स्पष्ट दिसतात तेव्हा मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर धूसर होते. आता कॅलेंडर वाचायला लागा; बोट धूसर होते. जवळची वस्तू पाहताना डोळ्याला एका वेळी एकाच अंतराचा हिशेब ठेवता येतो.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. दुरून पर्वतीचे चित्र काढले तर टेकडी, तिच्यापुढची झाडे आणि वरचे देऊळ ही सगळी एकदम स्पष्ट येतात. जसजसे वस्तूच्या जवळ जावे तसतसा स्पष्टतेचा हा पट्टा अरुंद होत जातो. वस्तू आपल्या मूळ आकाराएवढी कॅमेऱ्याच्या आतल्या फलकावर उमटेल इतके जवळ गेले, तर पट्टा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरतो. टोक्यासाठी तेवढ्याने भागत नाही. आम्ही शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला असते तसले, वस्तू चौपट करणारे भिंग नळीच्या आधाराने कॅमेऱ्याला जोडले. त्याचा पट्टा साधारण ५५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका चित्रात टोक्याचा केसाएवढा एक काप तेवढा स्पष्ट. बाकी सारा टोका धुक्यात. सोंडेचे टोक दिसले तर डोळा दिसत नाही, डोळा दिसला तर पाठ दिसत नाही.

जाणकार वाचक म्हणतील, की भिंगाचे छिद्र लहान करावे म्हणजे पट्टा रुंदावतो. ते खरे आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो. मग पुढचे-मागचे सगळे सारखे दिसते खरे, पण सगळेच सारखे पुसट. शिवाय सूक्ष्मदर्शकाच्या या साध्या भिंगाला लहान-मोठे करण्याजोगे छिद्र नसतेच.

यावर छायाचित्रकारांनी जो तोडगा काढला त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. आपण त्याला चित्रांची चळत म्हणू. किड्याच्या सर्वांत पुढच्या टोकावर दृष्टी ठेवून एक चित्र घ्यायचे. मग किडा भिंगाकडे किंचित सरकवून दुसरे, आणखी किंचित सरकवून तिसरे, असे करीत शेवटच्या टोकापर्यंत जायचे. मग संगणकाकडून प्रत्येक चित्रातला स्पष्ट भाग तेवढा उचलून एकच चित्र करवून घ्यायचे. लेव्हन बिस या इंग्रज छायाचित्रकाराने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या किड्यांची अशी भव्य चित्रे काढली, आणि २०१६ साली त्यांचे तिथेच प्रदर्शन झाले. त्याच्या एकेका किड्याच्या चित्रामागे आठ ते दहा हजार छायाचित्रे आहेत, आणि दोन छायाचित्रांमधले अंतर दहा मायक्रॉन. आमची झेप अर्थातच एवढी नव्हती.

फाळक्यांचा वाटाणा

थोड्या थोड्या अंतराने चित्रे घेऊन, एरवी डोळ्याला न दिसणारी गोष्ट दाखवायची, ही खटपट मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यम्सन कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी एक इवलासा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असताना ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर पाहणाऱ्याला बी रुजून वेल वर चढताना काही क्षणांत दिसली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला फाळक्यांना तो वाटाणा उपयोगी पडला. फिल्मला भोके पाडण्यापासून सारी कामे सरस्वतीबाई घरात करीत. पुढे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी तर चित्रपटाचा कॅमेराच आपल्या कारखान्यात घडवला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. विकत मिळत नाही किंवा परवडत नाही, तर ते करून पाहावे, ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

फाळक्यांनी काळाचे तुकडे जोडले, आम्हांला खोलीचे जोडायचे होते. फरक एवढाच, की वाटाण्यापुढे तासभर थांबून एकदा कळ दाबली तरी चालते. इथे मात्र दोन चित्रांमध्ये केसाच्या निम्म्या जाडीइतके सरकायचे, तेही पन्नास वेळा, प्रत्येक वेळी सारखेच. माणसाच्या हाताला हे जमणार नाही.

आमची कन्या यांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, हे काम धीराचे आहे, आणि धीर मोटरीजवळ तुमच्यापेक्षा जास्त असतो.”

त्रैराशिक आणि जुना बाजार

तिने कागदावर मांडलेला हिशेब सातवीच्या मुलालाही कळेल असा होता. सहा मिलिमीटर जाडीची, आटे पाडलेली लोखंडी सळई हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्या लागोपाठच्या दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर असते. सळईचा एक फेरा झाला की तिच्यावर बसवलेला नट एक मिलिमीटर पुढे जातो. स्टेपर जातीची मोटर पंख्यासारखी भणभणत फिरत नाही. घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी टप्प्याटप्प्याने फिरते, आणि तिच्या एका फेऱ्याचे २०० समान टप्पे असतात. मग एका टप्प्याला नट किती सरकेल? मिलिमीटरचा दोनशेवा भाग, म्हणजे पाच मायक्रॉन. आठ टप्पे फिरवले की चाळीस मायक्रॉन.

पट्टा ५५ मायक्रॉनचा असताना सरकायचे मात्र ४०, असे का? घरावर कौले घालताना एक कौल दुसऱ्यावर थोडे चढवतात, नाहीतर फटीतून पाणी गळते. इथेही प्रत्येक चित्राचा स्पष्ट भाग पुढच्या चित्राच्या स्पष्ट भागावर थोडा चढला पाहिजे, नाहीतर टोक्याच्या पाठीवर धुक्याचे पट्टे उमटतात. कुशीवर ठेवलेला टोका पायांसकट दोन मिलिमीटर खोल भरतो. दोन मिलिमीटर भागिले चाळीस मायक्रॉन, म्हणजे पन्नास चित्रे.

सामान जमवण्यात दोन रविवार गेले, आणि खरे सांगायचे तर निम्मी मौज त्यातच होती. जुन्या बाजारात एक मेलेला प्रिंटर मिळाला. त्याच्या पोटातल्या दोन गुळगुळीत पोलादी दांड्या आणि त्यांवरून सरकणारी गाडी, एवढेच आम्हांला हवे होते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मोटर, तिला टप्पे मोजून वीज देणारी चालकपट्टी, बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि आर्डुइनो मिळाले. आर्डुइनो म्हणजे तळहाताएवढा संगणक. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली तो विद्यार्थ्यांसाठी तयार झाला, आणि आता जगभरच्या हौशी लोकांच्या टेबलावर आहे. सगळा खर्च तीन हजार रुपयांच्या आत बसला. परदेशी बनावटीचा तयार रूळ मागवायचा, तर याच्या अनेक पट मोजावे लागतात.

जुळणी अशी. खाली शहाबादी फरशीचा जाड तुकडा. त्यावर दोन पोलादी दांड्या समांतर बसवल्या. हाच आमचा रूळ. रुळावर प्रिंटरची गाडी. दांड्यांच्या मधोमध आट्यांची सळई, तिच्यावरचा नट गाडीला जोडलेला, आणि सळईचे एक टोक मोटरीला. मोटरीचा दांडा पाच मिलिमीटरचा आणि सळई सहाची, म्हणून दोहोंमध्ये लवचिक जोड घातला. दोन्ही अगदी एका रेषेत नसले तरी हा जोड ते सांभाळून घेतो. तो नसेल तर गाडी प्रत्येक फेऱ्याला डुलते. जड कॅमेरा हलवण्यापेक्षा हलका टोका हलवावा, असा विचार करून कॅमेरा फरशीवर पक्का केला आणि किड्याला गाडीवर बसवले. सूक्ष्मदर्शकातही बहुधा असेच असते. नळी स्थिर, खालचा मंच वर-खाली.

आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. मोटर उलट फिरवली की पहिले काही टप्पे ती ढिलाई भरण्यात जातात आणि गाडी जागची हलत नाही. त्यावर उपाय दोन. एक, चित्रे घेताना गाडी नेहमी एकाच दिशेने न्यायची. दुसरा, एका हलक्या स्प्रिंगने तिला एका अंगाला ओढून धरायचे, म्हणजे नट आट्याच्या एकाच कडेला टेकून राहतो.

कॅमेऱ्याची कळ दाबायलाही माणूस नको. दुरून कळ दाबण्यासाठी कॅमेऱ्याला जी वायर जोडतात, तिच्यातल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की चित्र निघते. हे टेकवण्याचे काम आर्डुइनोने करायचे, पण त्याची वीज महागड्या कॅमेऱ्यात शिरता कामा नये. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर नावाचा दहा-वीस रुपयांचा तुकडा घातला. त्याच्या एका अंगाला इवलासा दिवा आणि दुसऱ्या अंगाला उजेड पडताच जोडली जाणारी कळ. दोन्ही बाजूंत तारेचा संबंध नाही, निरोप फक्त प्रकाशाचा. करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: वीज चालू असताना मोटरीच्या तारा कधीही काढू-घालू नयेत, चालकपट्टी जळते.

मालमोटारी आणि श्रीखंडाचा डबा

मार्केट यार्डाशेजारी राहून सूक्ष्म छायाचित्रण करणे म्हणजे रेल्वे स्टेशनावर ध्यानाला बसण्यासारखे आहे. चौपट भिंगात सगळेच चौपट होते, किड्याबरोबर थरथरही. पहाटे रस्त्यावरून भरलेली मालमोटार गेली की पडद्यावरचा टोका भूकंपात सापडल्यासारखा हादरतो. फरशीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे जाड तुकडे घातले तेव्हा बराच फरक पडला. वेळही निवडून घेतली. बाजाराच्या साप्ताहिक सुटीची दुपार सर्वांत उत्तम. त्या वेळी गुलटेकडीवरसुद्धा शांतता नांदते.

उरलेल्या थरथरीवर उतारा म्हणजे फ्लॅश. त्याची ताकद कमी ठेवली तर त्याचा उजेड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पडतो, आणि तेवढ्या वेळात किडा हलून हलणार किती? पण फ्लॅशचा सरळ उजेड टोक्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पाडतो. त्यावर उपाय स्वयंपाकघरातून आला. आमच्या मंडळींनी श्रीखंडाचा पांढरा रिकामा डबा पुढे केला. “अहो, देव्हाऱ्यातल्या दिव्याला काच असते, तुमच्या दिव्याला हा डबा लावून पाहा.” डब्याचा तळ कापून तो किड्याभोवती ठेवला, बाहेरून उजेड पाडला, आणि ढगाळ दिवसासारखा मऊ प्रकाश चहूबाजूंनी पसरला.

नमुना मेलेलाच लागतो, कारण सात-आठ मिनिटे त्याने मिशीदेखील हलवता कामा नये. सुपात असे नमुने आयते सापडतात. मऊ कुंचल्याने पीठ झटकायचे आणि तांदळाच्याच एका दाण्यावर डिंकाच्या ठिपक्याने चिकटवायचे. मग कार्यक्रम सुरू. मोटर आठ टप्पे फिरते, हादरा विरण्यासाठी तीन सेकंद थांबते, कॅमेरा खटकन वाजतो, फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबते, पुन्हा आठ टप्पे. पन्नास चित्रे सात मिनिटांत होतात.

पुढचे काम संगणकाचे. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर हे यासाठीचे प्रसिद्ध प्रोग्राम. कम्बाइन झेडपी नावाचा एक विनामूल्यही आहे. किडा भिंगाजवळ सरकताना चित्रात किंचित मोठा होत जातो, म्हणून संगणक आधी सगळी चित्रे एका मापाची करून एकमेकांवर बेतून घेतो. मग प्रत्येक बिंदूपाशी तो एकच प्रश्न विचारतो: या जागी काळ्या-पांढऱ्याचा फरक सर्वांत तीव्र कोणत्या चित्रात आहे? जिथे फरक तीव्र तिथे चित्र स्पष्ट. तेवढा तुकडा तिथून घ्यायचा, बाकी सोडून द्यायचे.

टोक्याचा चेहरा

आणि मग पडद्यावर टोका उभा राहिला, सोंडेपासून शेपटाकडच्या टोकापर्यंत एकसारखा स्पष्ट. घरातली सगळी माणसे टेबलाभोवती जमली.

ज्याला आपण सोंड म्हणतो ती हत्तीच्या सोंडेसारखी मऊ नाही. ती डोक्याचाच पुढे लांबलेला टणक भाग आहे, आणि तिच्या अगदी टोकाला जबडा आहे. सोंडेच्या बुडाशी दोन मिशा, कोपरात दुमडलेल्या हातासारख्या. पाठीवरच्या कवचावर खाचांच्या ओळी आणि तांबूस-पिवळे चार ठिपके. नुसत्या डोळ्यांनी ते असून नसल्यासारखे. मानेमागच्या भागावर गोल गोल खळगे, देवीचे वण असावेत तसे.

हे गोल खळगे शोभेचे नाहीत. कीटकशास्त्रज्ञ त्यांवरून जात ओळखतात. आपल्याकडचा हा तांदळाचा टोका, सायटोफिलस ओरायझी, याला लिनियसने १७६३ साली शास्त्रीय नाव दिले. त्याचा थंड देशांतला चुलतभाऊ सायटोफिलस ग्रॅनारियस याचे खळगे लांबट असतात, पाठीवर ठिपके नसतात आणि त्याला उडता येत नाही. आपला टोका उडू शकतो. खळगा गोल की लांबट, हे पाहायचे तर त्या खळग्यापाशी चित्र स्वच्छ असावे लागते. मक्यावरचा तिसरा भाऊ मात्र आपल्या टोक्यासारखा इतका हुबेहूब असतो, की तिथे वरून काढलेल्या चित्रावर विसंबता येत नाही. शरीराच्या आतली रचना तपासावी लागते.

जबडा पाहिल्यावर शेठजींच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. मादी या जबड्याने दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाचे बूच बसवते. बाहेरून दाणा अभंग दिसतो. आत अळी दाणा खाऊन वाढते, आतच कोष करते, आणि उबदार हवेत महिन्याभराने पुरा टोका भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे आज स्वच्छ दिसलेल्या तांदळातून महिन्याने किडे निघाले, तर ते दाण्यात आधीपासून असतील किंवा आपल्याच डब्यातून आले असतील. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्या भांडणात दोघेही खरे असू शकतात! गृहिणींनी एवढे करावे: डबा रिकामा झाला की धुऊन पूर्ण वाळवावा, नवे धान्य जुन्यावर ओतू नये, झाकण घट्ट असावे, आणि थोडेच तांदूळ असतील तर फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवावेत, दाण्यातली अंडी-अळ्याही मरतात.

हा फोटो खरा का?

छापलेले चित्र घेऊन मी गाळ्यावर गेलो. शेठजींनी ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले. खूश झाले. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “सर, राग मानू नका. पण हा फोटो खरा आहे, की कॉम्प्युटरवर तयार केलेला?”

प्रश्न रास्त होता. आज कुठलेही चित्र पाहिले की ही शंका मनात येतेच. आणि शेठजींपुढे जे चित्र होते, ते तसेच्या तसे कुठल्याही कॅमेऱ्याने एका क्षणी पाहिलेले नव्हते. त्याच्यामागे पन्नास क्षण होते आणि त्यांची निवड एका यंत्राने केलेली होती. मग त्याला खरे कसे म्हणायचे?

माझे उत्तर माझ्या विषयातले होते. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. देशभरातून हस्तलिखिते जमवली; बाराशेहून अधिक तपासली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनी पद्धत घालून दिली, आणि १९६६ साली काम पुरे झाले. जो पाठ तयार झाला तो शब्दशः तसाच कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. म्हणून तो खोटा ठरतो काय? उलट, कोणत्याही एकाच पोथीवर विसंबण्यापेक्षा तो अधिक भरवशाचा, कारण कुठला शब्द कशाच्या आधाराने घेतला ते सांगता येते. शिवाय संपादकांनी न स्वीकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते त्याच पानावर तळाशी छापले. वाचकाला शंका आली तर त्याने खाली पाहावे आणि स्वतः ठरवावे.

दोन्हींत एक फरक आहे, तो सांगितला पाहिजे. पोथ्या एकमेकींशी भांडतात. आमची पन्नास चित्रे भांडत नाहीत, प्रत्येक फक्त आपल्या कापापुरते बोलते. पण संगणकाची निवड मात्र चुकू शकते. दोन केस एकमेकांसमोरून जात असतील तर पुढच्याच्या आरपार मागचा दिसू लागतो. कडांभोवती उजळ वलये उमटतात. जिवंत किड्याने मध्येच मिशी हलवली तर एकाच टोक्याला तीन-तीन मिशा फुटतात. हे पाहणाऱ्याला सांगितले नाही, तर तो भाबडेपणाने तीन मिशांचा टोका खरा मानील. रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’त पिसू आणि ऊ यांची थोरली चित्रे छापली, तेव्हा त्यानेही वस्तू निरनिराळ्या उजेडांत आणि अनेक बाजूंनी पाहून मगच रेखाटली होती, आणि तसे प्रस्तावनेत सांगूनही टाकले होते. एकत्र करण्यात खोटेपणा नाही. खोटेपणा येतो तो लपवण्यात.

म्हणून आम्ही घरी नियम केला. मूळ पन्नास चित्रे जपून ठेवायची. तेच आमचे पाठभेद. तयार चित्रात शंकास्पद दिसेल ते मूळ चित्राशी ताडून पाहायचे. आणि चित्राखाली स्पष्ट लिहायचे: ‘एकाच नमुन्याच्या ५० छायाचित्रांवरून एकत्रित.’ हे सगळे शेठजींना सांगितले तेव्हा ते हसले. “म्हणजे आमच्यासारखेच, सर. पोत्याच्या तोंडाशी एक मूठ पाहून माल घेत नाही आम्ही. बंबी घालून वरून, मधून, तळातून नमुना काढतो, मग भाव सांगतो.” सुखठणकरांची पद्धत इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलेली नाही.

काही नव्या कॅमेऱ्यांत भिंग आपोआप सरकवून अशी चळत घेण्याची सोय असते. टोक्याएवढ्या लहान वस्तूंना आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मात्र रूळच लागतो. तो एकदा घरात आला, की मग काय काय दिसते! झेंडूच्या फुलातले परागकण, खडेमिठाचे चौकोनी मनोरे, पैठणीच्या पदरातली जर, आजोबांच्या काळातल्या छिद्राच्या पैशावरची झीज. दिवाळीच्या सुटीत मुले घरी असतात आणि माळ्यावर एखादा बंद पडलेला प्रिंटरही असतो. तो भंगारवाल्याला देण्याआधी मुलांना उघडू द्यावा. मोटर बारा व्होल्टचीच आहे, धक्क्याची भीती नाही. त्रैराशिक त्यांना शाळेत शिकवलेले असतेच; ते कशासाठी शिकायचे असते, हे पहिल्या चळतीनंतर त्यांचे त्यांनाच कळेल. तेवढ्यापुरती पाडव्यापर्यंत टेबलावर अडगळ राहील, ती घरच्या मंडळींनी सोसावी.